साध्या सायकलीचे घरगुती विद्युतीकरण : गोंदिया जिल्ह्याच्या संदर्भात एक तांत्रिक व व्यावहारिक विवेचन

प्रस्तावना :

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्ह्याची निर्मिती झाली. धानाची शेती, राईस मिल, तेंदूपत्ता व बिडी उद्योग आणि विस्तीर्ण वनप्रदेश ही या आठ तालुक्यांच्या जिल्ह्याची सर्वपरिचित ओळख होय. याच जिल्ह्यातील तिरोडा येथे ३३०० मेगावॅट क्षमतेचे औष्णिक विद्युत केंद्र आहे. तेथील ६६० मेगावॅटच्या एका संचाची वीज, वहनातील गळती सोडून दिल्यास, एकाच वेळी सुमारे सत्तेचाळीस लाख विद्युत सायकली चालवू शकेल. हे गणित अर्थातच गमतीचे आहे. परंतु ज्या जिल्ह्यातून एवढी वीज बाहेर जाते त्याच जिल्ह्यातील विद्यार्थी आजही केवळ अंतरामुळे तासिका चुकवतात, ही वस्तुस्थिती गमतीची नाही.

प्रस्तुत लेखकाच्या भौतिकशास्त्राच्या वर्गातील द्वितीय वर्षाची एक विद्यार्थिनी चौदा किलोमीटरवरील गावाहून सायकलने येत असे. शासनाच्या मानव विकास कार्यक्रमांतर्गत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. तिची सायकलही शाळेत असताना मिळालेलीच होती. १७ मार्च २०२३ पासून राज्य परिवहनच्या बसभाड्यात महिलांना ५० टक्के सवलत आहे, पण सवलत असली तरी प्रात्यक्षिक संपण्याच्या वेळेला बस नसेल तर तिचा उपयोग होत नाही. उन्हाळ्यात दुपारी चौदा किलोमीटर सायकल हाकणे तिला अशक्य झाले आणि प्रात्यक्षिकांतील अनुपस्थिती वाढली. "सर, या सायकलला मोटार लावता येते का?" हा तिचा प्रश्न प्रस्तुत लेखाचे निमित्त होय. येते, असे उत्तर मी लगेच दिले. ते उत्तर किती अपुरे होते हे पुढील विवेचनावरून स्पष्ट होईल.

पूर्वपीठिका :

सायकलीला विद्युत मोटार लावण्याची कल्पना नवी नाही. अमेरिकेतील ऑग्डेन बोल्टन यांना ३१ डिसेंबर १८९५ रोजी मागील चाकाच्या तुंब्यातच मोटार बसविलेल्या सायकलीचे पेटंट मिळाले होते. आज ज्यास आपण हब मोटार म्हणतो तिचे हे आद्य रूप मानावे लागेल. पुढील शंभर वर्षे ही कल्पना रखडली ती मोटारीमुळे नव्हे, तर हलक्या बॅटरीच्या अभावामुळे. १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी व्यापारी स्वरूपात बाजारात आली आणि त्यानंतर हे चित्र पालटले.

महाराष्ट्राच्या दृष्टीने या संदर्भात फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेचे कार्य विशेष उल्लेखनीय आहे. तेथे डॉ. अनिल राजवंशी यांच्या मार्गदर्शनाखाली सायकल रिक्षाच्या विद्युतीकरणाचे प्रयोग झाले आणि त्याविषयीचा त्यांचा लेख २००२ साली 'करंट सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. या संस्थेने तीन प्रकारच्या रिक्षा विकसित केल्या : सुधारित पायडल रिक्षा, मोटारीचे साहाय्य असलेली पायडल रिक्षा आणि पूर्णतः विजेवर चालणारी रिक्षा. यांतील पहिल्या प्रकाराकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते, कारण तिला मोटार नव्हतीच. तिच्यात गिअर बसविले गेले, लांब चेनची लांबी कमी केली गेली, मागील चाकांना ब्रेक दिले गेले आणि हवेचा रोध घटविण्यात आला. मूळ यान सदोष असेल तर मोटार त्याचे दोष झाकत नाही, उलट वाढविते, हा त्यामागील विचार घरी सायकल बदलू पाहणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात घेण्यासारखा आहे. मी तो वेळीच ध्यानात घेतला नाही.

शक्तीचे गणित :

सायकलीला नेमकी किती शक्ती लागते, हा मूलभूत प्रश्न आहे. स्वार ६० किलो, सायकल २२ किलो आणि मोटार व बॅटरी मिळून ८ किलो असे एकूण ९० किलो वस्तुमान गृहीत धरू. बऱ्या डांबरी रस्त्यावर चाकाच्या लोटण-घर्षणाचा गुणांक ०.०१ धरल्यास त्याचा रोध सुमारे ९ न्यूटन येतो. ताशी २० किलोमीटर वेगाला, सरळ बसलेल्या स्वारावर हवेचा रोध सुमारे ११ न्यूटन असतो. दोहोंची बेरीज २० न्यूटन आणि वेग सेकंदाला ५.५६ मीटर, म्हणजे चाकाशी सुमारे ११० वॅट शक्ती पुरते. मोटार व नियंत्रक यांची एकत्रित कार्यक्षमता ७८ टक्क्यांच्या आसपास धरली तर बॅटरीतून १४० वॅट घ्यावे लागतात. एका किलोमीटरला हा खर्च ७ वॅट-तास पडतो.

आता वेग ताशी २५ किलोमीटर केला तर हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढून १७ न्यूटनच्या जवळ जातो आणि किलोमीटरमागे ९ वॅट-तास खर्च होतात. पाच किलोमीटरचा वेग वाढविण्यासाठी ऊर्जेचा जवळजवळ ३० टक्के जादा भार! पांदण रस्त्यावर लोटण-घर्षण दुप्पट-तिप्पट होते. रोवणीच्या दिवसांतील चिखलाचा तर हिशेबच नको. तीन टक्के चढावर आणखी २६ न्यूटनची भर पडते. गोंदिया, तिरोडा, आमगाव हा धानाच्या बांध्यांचा सपाट प्रदेश आहे. तेथे या चढाची चिंता फारशी नाही. सालेकसा तालुक्यातील दरेकसा किंवा देवरीकडील डोंगराळ भागात मात्र ती करावी लागेल.

थांबे, खड्डे व समोरचा वारा धरून किलोमीटरला १० वॅट-तास ही संख्या, पायडल अजिबात न मारता, सुरक्षित समजावी. आमच्या विद्यार्थिनीच्या २८ किलोमीटरच्या जाण्यायेण्यास त्यामुळे २८० वॅट-तास लागतात. निरोगी माणूस बराच वेळ ७० ते १०० वॅट शक्ती पायांनी देऊ शकतो. त्यातील निम्मी जरी दिली तरी बॅटरीवरील भार बराच हलका होतो. विद्युत सायकल म्हणजे पायांना पर्याय नसून पायांना मिळालेली साथ आहे, असे मानून रचना केली तर ती स्वस्त, हलकी आणि कायद्याच्या जवळपास राहणारी होते.

मोटार व चाक :

बाजारात मिळणाऱ्या संचांत ३६ व्होल्ट, २५० वॅटची ब्रशविरहित हब मोटार सर्वाधिक आढळते. तिचे दोन प्रकार आहेत. ज्या मोटारीच्या आत दातेरी चक्रे असतात ती हलकी असते आणि वीज बंद असताना तिचे चाक मोकळे फिरते. दुसरीत चक्रे नसतात. ती जड, पण बिघाडास कमी वाव असलेली असते, मात्र बॅटरी संपल्यावर तिचे चुंबक पायांना जाणवतात. चौदा किलोमीटरपैकी अर्ध्या वाटेत बॅटरी संपली तर घरी पोहोचता आले पाहिजे, या एकाच निकषावर पहिला प्रकार निवडावा असे माझे मत आहे.

मोटारीतून आठ तारा बाहेर येतात. तीन जाड तारा वेटोळ्यांना प्रवाह पुरवितात. पाच बारीक तारा हॉल संवेदकांच्या असतात. चुंबक कोठे आहे हे संवेदक सांगतात आणि त्यानुसार नियंत्रक कोणत्या वेटोळ्यात प्रवाह सोडायचा हे ठरवितो. जुन्या मोटारीत कार्बन ब्रश जे काम घासून करीत, तेच येथे सहा ट्रान्झिस्टर न घासता करतात. भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकास हा भाग मोहात पाडणारा आहे आणि मीही त्यातच रमलो. खरी अडचण मात्र सायकलीच्या लोखंडात होती.

पहिला प्रयोग मी वडिलांच्या जुन्या काळ्या सायकलीवर केला. या भारतीय घडणीच्या सायकलीच्या पुढील चाकात ३२ आणि मागील चाकात ४० तारा असतात, तर हब मोटारीला बहुधा ३६ तारांची छिद्रे असतात. म्हणजे रिम बदलणे आले. रिम बदलली की तिच्या आतील कडेवर दाबणारे सळईचे ब्रेक जुळत नाहीत. पुढच्या चिमट्याची खाच मूळच्या बारीक आसासाठी असते, तर मोटारीचा आस १२ मिलिमीटरचा, दोन बाजूंनी १० मिलिमीटरपर्यंत चपटा केलेला असतो. मी कानस घेऊन खाच रुंद केली, नट आवळले आणि निश्चिंत झालो.

येथे थोडे गणित पुन्हा आवश्यक ठरते. सामान्य चाकाचा आस केवळ वजन पेलतो. हब मोटारीचा आस मात्र चाकाला फिरविताना स्वतः उलट दिशेने फिरू पाहतो आणि त्याला अडविणारी वस्तू म्हणजे चिमट्याच्या खाचेच्या दोन कडा. मोटारीने ३० न्यूटन-मीटर पीळ दिला तर १० मिलिमीटरच्या अंतरावर ३००० न्यूटन बल येते. दोन्ही टोकांत विभागले तरी प्रत्येकी दीडशे किलो वजनाएवढा ताण कानशीने पातळ केलेल्या पत्र्यावर पडतो. काही दिवसांनी महाविद्यालयाच्या फाटकाशी वळताना आस खाचेत गरकन फिरला, आठही तारा पिळून तुटल्या आणि चाक एका बाजूने निखळले. वेग पायी चालण्याएवढा होता म्हणून गुडघ्यावर निभावले. हीच घटना हमरस्त्यावर, मागे धानाचा ट्रक असताना घडली असती तर प्रस्तुत लेख लिहावयास कोणी उरले नसते.

यावर उपाय साधा आहे. ६ मिलिमीटर जाडीच्या पोलादी पट्टीत आसाच्या चपट्या भागाला घट्ट बसेल असे छिद्र पाडून तिचे दुसरे टोक चिमट्याच्या दांडीला क्लॅम्पने जखडावे. पीळ मग खाचेवर न येता पट्टीच्या लांबीवर विभागला जातो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून शिकलेल्या आमच्या गावातील एका वेल्डरने मी आकृती काढून देण्यापूर्वीच ही पट्टी कापून दिली. "सर, पंपाच्या मोटारीला पण बेस लागतेच ना!" एवढेच तो म्हणाला. अल्युमिनियमच्या किंवा स्प्रिंगच्या चिमट्यावर हा प्रयोग मुळीच करू नये. पोलाद वाकून इशारा देते, अल्युमिनियम न सांगता तुटते.

दुसऱ्या प्रयत्नात वडिलांची सायकल बाजूला ठेवली. २६ इंची, केबलचे ब्रेक असलेली, ३६ तारांची साधी सायकल यासाठी अधिक योग्य ठरते. चाक भरून त्याचा आउट काढण्याचे काम मात्र सायकल मिस्त्रीकडेच द्यावे. ते पुस्तक वाचून जमत नाही.

बॅटरी :

स्वस्त पर्याय म्हणून अनेकजण १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांच्या तीन शिसे-आम्ल बॅटऱ्या जोडतात. कागदावर त्यांत २५० वॅट-तास ऊर्जा दिसते. परंतु ही क्षमता वीस तासांत सावकाश काढावयाची असते. चार अँपिअरने दोन तासांच्या आत काढू गेल्यास तिच्यातील साधारण ६० टक्केच हाती लागते, म्हणजे जेमतेम १५० वॅट-तास. वजन सात किलोच्या आसपास, आणि रोज पूर्ण रिकामी केल्यास आयुष्य दोन-तीनशे आवर्तनांचे. विद्यार्थिनीच्या गरजेला ही बॅटरी पुरत नाही.

लिथियम-आयनच्या ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तासांच्या संचात ३६० वॅट-तास असतात आणि वजन अडीच किलोच्या आत राहते. त्यातील ८० टक्केच वापरावयाचे ठरविले तरी २८८ वॅट-तास मिळतात. आमचे २८ किलोमीटर त्यात बसतात. लोह-फॉस्फेट प्रकारची बॅटरी याहून थोडी जड असते, पण तापल्यावर पेट घेण्याची तिची प्रवृत्ती बरीच कमी असते आणि ती अधिक आवर्तने टिकते. ज्या घरांत बॅटरी झोपण्याच्या खोलीतच भारित होणार आहे, तेथे मी हाच प्रकार सुचवीन.

सर्वाधिक सावधगिरी याच भागात हवी. जुन्या लॅपटॉपमधील पेशी काढून, घरच्या सोल्डरिंग आयर्नने जोडून संच बनविण्याचे प्रयोग विद्यार्थी करतात. ते थांबविणे हे आपले कर्तव्य आहे. आयर्नची उष्णता पेशीच्या आतील पडद्यास इजा करते. शिवाय वेगवेगळ्या वयाच्या पेशी एका माळेत आल्या की दुबळी पेशी आधी भरते व आधी रिकामी होते. दहा पेशींच्या माळेत एकूण ४२ व्होल्ट बरोबर दिसत असतानाही एक पेशी ४.२ व्होल्टची मर्यादा ओलांडून गेलेली असू शकते. प्रत्येक पेशीवर स्वतंत्र नजर ठेवणारे संरक्षक मंडल नसलेली बॅटरी स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये. तसेच शिसे-आम्ल बॅटरीचा ३६ व्होल्टचा चार्जर ४४ व्होल्टपर्यंत चढतो. दोन्हींवर '३६ व्होल्ट' असेच छापलेले असते आणि पिनही एकच बसते, म्हणून हा घोटाळा सहज घडतो.

आपल्या जिल्ह्यापुरता आणखी एक मुद्दा. लिथियम-आयन पेशी ४५ अंश सेल्सिअसच्या वर भारित करू नयेत असा सर्वसाधारण दंडक आहे. मे महिन्यात विदर्भात सावलीतील तापमानच तेथवर पोहोचते. टिनाच्या छपराखाली ते त्याहून वर जाते. उन्हातून आलेली बॅटरी लगेच चार्जरला न लावता संध्याकाळी निवल्यावर, फरशीवर, कपडे व गवतापासून दूर ठेवून आणि घरात कोणी जागे असताना भारित करावी. बॅटरीच्या धन टोकाशी २० अँपिअरचा फ्यूज असावा. पावसाळ्यासाठी मोटारीत शिरणाऱ्या तारेला आसाजवळ खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी तारेवरून आत न जाता झोळाच्या तळाशी ठिबकून पडते.

खर्च :

बॅटरीसह संपूर्ण संचाची किंमत साधारण १५ ते ३० हजार रुपयांच्या दरम्यान असते. वीज ८ रुपये युनिट धरली तर चार्जरमधील गळतीसह पूर्ण भरणीस साडेतीन रुपयांपेक्षा कमी, म्हणजे किलोमीटरला सुमारे १० पैसे लागतात. या आकड्याचीच जाहिरात होते. परंतु १२ हजारांची बॅटरी ७०० आवर्तनांत, दर आवर्तनास ३५ किलोमीटरप्रमाणे झिजली तर तिच्या झिजेचा खर्च किलोमीटरला ४९ पैसे पडतो, विजेच्या जवळजवळ पाचपट. तरीही पेट्रोलच्या दुचाकीपेक्षा हे स्वस्त आहे. मात्र मजुरी करणाऱ्या कुटुंबास पहिले वीस हजार उभे करणे आणि तीन-चार वर्षांनी पुन्हा बारा हजार काढणे सोपे नाही. झिजलेली बॅटरी भंगारवाल्यास फोडण्यास देणे धोक्याचे आहे; २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे.

ब्रेक व कायदा :

ताशी १५ वरून २५ किलोमीटरवर गेल्यास गतिज ऊर्जा पावणेतीन पट होते. क्रोम केलेल्या पोलादी रिमवर जुलैच्या पावसात रबरी गुटके किती धरतात, हे प्रत्येक सायकलस्वारास ठाऊक आहे. फलटणच्या सुधारित रिक्षेची आठवण येथे पुन्हा होते. आधी दोन्ही ब्रेक, नवे गुटके आणि नव्या केबल, त्यानंतरच मोटार, हा क्रम बदलू नये. ब्रेक दाबताच मोटारीचा प्रवाह तोडणारी मूठ संचाबरोबर मिळते. ती न लावता कपाटात ठेवणारे मी पाहिले आहेत.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम २(यू) नुसार मोटारीची तीस मिनिटांची शक्ती ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असल्यास बॅटरीवरील वाहन मोटार वाहन समजले जात नाही. पायडल-साहाय्य सायकलीच्या बाबतीत वेग २५ वर जाताच, किंवा पायडल थांबताच, मोटारीचे साहाय्य बंद झाले पाहिजे. योग्य ब्रेक, पुढे पांढरा व मागे लाल परावर्तक हवा. येथवर सर्वजण वाचतात. परंतु या अटींची पूर्तता नियम १२६ मधील चाचणी संस्थेने पडताळून मान्य केलेली असावी, असेही त्याच नियमात म्हटले आहे. पुण्याची एआरएआय ही अशी एक संस्था होय. घरी जोडलेल्या एकट्या सायकलीजवळ असे प्रमाणपत्र नसते. 'लायसन्स लागत नाही' हे दुकानदाराचे विधान त्यामुळे तयार, मान्यताप्राप्त सायकलीपुरते खरे आहे. घरगुती सायकलीला ते जसेच्या तसे लागू होत नाही आणि अपघात झाल्यास हा भेद न्यायालयात उभा राहू शकतो.

हे समजल्यावर त्या विद्यार्थिनीच्या वडिलांना मी महाविद्यालयात बोलावून घेतले आणि सर्व बाजू सांगितल्या. मूठ पिळून पळणारी रचना नको, केवळ पायडलबरोबर साथ देणारी हवी आणि वेग नियंत्रकातच ताशी २० वर बांधलेला असावा, असे ठरले. प्रमाणपत्राची उणीव याने भरून निघत नाही, हेही त्यांना स्पष्ट सांगितले. त्यांनी पट्टी हाताने हलवून पाहिली, ब्रेक दाबून पाहिले आणि विचारले, "रात्री पोरगी एकटी असते वाटेनं. लाइट आहे का याले?" दिवा आमच्या आराखड्यातच नव्हता. ३६ व्होल्टवरून ६ व्होल्ट देणारे छोटे मंडल आणि पुढचा-मागचा दिवा विभागातील विद्यार्थ्यांनी पुढील आठवड्यात बसविला आणि त्यानंतरच सायकल तिच्या ताब्यात दिली. तिसऱ्या सत्राच्या प्रात्यक्षिकांची तिची वही पूर्ण आहे. पोलादी पट्टीचे नट मी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी स्वतः तपासतो. पावसाळ्यात एकदा पाव फेरा सैल मिळाले होते.